पाय हलला, पण कुणाच्या हुकमाने? मज्जारज्जूच्या दुखापतीचं एक प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे प्रकरण मी दीड वर्ष जवळून पाहिलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. दुखापतीनंतर मज्जारज्जूतल्या जोडण्या नेमकं काय करतात, हे न कळल्यामुळे घरच्यांचे आणि आम्हा उपचार करणाऱ्यांचेही निर्णय कसे चुकतात, ते यात दिसतं.

पार्श्वभूमी

सदाभाऊ, वय ३४, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीतले. घरची हापूसची कलमं. मे महिन्यात पावसाआधी शेवटची तोड उरकायची घाई होती. घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन ते जुन्या कलमावर चढले आणि पायाखालची फांदी मोडली. साधारण पंधरा फुटांवरून पाठीवर, जांभ्याच्या गडग्यावर पडले. शुद्ध हरपली नव्हती. पहिलं वाक्य त्यांनी काढलं ते, "माझे पाय खय आसत?"

वाडीतल्या चौघांनी हातपाय धरून उचलून टेम्पोत घातलं. त्यांचा जीव तुटत होता, त्यांना दोष देणार नाही. पण मणका मोडलेल्या माणसाला फळीवर, मान-पाठ एका रेषेत ठेवूनच हलवावं लागतं आणि हे आपल्याकडे कुणी शिकवलेलं नसतं. शहरातल्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. छातीच्या भागातले चौथा आणि पाचवा मणका, म्हणजे डी-४ आणि डी-५, स्क्रू आणि सळ्या घालून स्थिर केले. बाराव्या दिवशी लघवीची नळी घातलेल्या अवस्थेत घरी पाठवलं. कार्डावर लिहिलं होतं, 'कम्प्लीट पॅराप्लेजिया'. म्हणजे दुखापतीच्या खाली संवेदना नाही, हालचाल नाही, काही येणारही नाही. निदान घरच्यांनी त्याचा अर्थ तसा घेतला.

पहिली तपासणी

मी १९ व्या दिवशी गेले. ओटीवर लोखंडी खाट, शेजारी पंखा, पायथ्याशी आई. दोन्ही पाय पूर्ण लुळे. गुडघ्यावर हातोडी मारली, काही नाही. तळव्यावर ओरखडा काढला, अंगठा जागचा हलला नाही. छातीच्या खाली कापसाचा स्पर्श कुठे कळे, कुठे नाही.

यानंतरची तपासणी घरी करायला अवघड जाते, म्हणून ती टाळली जाते. वहिनींना आडोशाला चादर धरायला सांगितली, सदाभाऊंना कुशीवर वळवलं आणि गुदद्वाराच्या कडेला टाचणीचं टोक आणि बोथट बाजू आलटूनपालटून लावली. "टोचतंय की बोथट?" दहापैकी आठ उत्तरं बरोबर आली.

मज्जारज्जूचा सगळ्यात खालचा भाग तिथली त्वचा सांभाळतो. तिथली टोचणी मेंदूला कळते याचा अर्थ, दुखापतीच्या जागेतून काही तंतू शाबूत राहून वर पोचत आहेत. वर्गीकरणाच्या भाषेत हे 'ए' (पूर्ण दुखापत) नव्हतं, 'बी' (संवेदना थोडी, हालचाल नाही) होतं. टोचणीची खबर नेणारे तंतू आणि हालचालीचा हुकूम आणणारे तंतू मज्जारज्जूत एकमेकांच्या शेजारून जातात. म्हणून नुसता स्पर्श कळण्यापेक्षा टोचणी कळणं ही हालचाल परतण्याच्या दृष्टीने जास्त आशेची खूण मानतात. मी घरच्यांना एवढंच म्हटलं, की दोर पूर्ण तुटलेला नाही, काही पीळ शिल्लक आहेत. किती, ते मला आज सांगता येणार नाही.

शांत पायांच्या आत

पाय असे लुळे, गप्प राहतात त्या काळाला स्पायनल शॉक म्हणतात. पायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूत असतात आणि डी-४ च्या दुखापतीत त्यांना काही झालेलं नसतं. पण मेंदूकडून, विशेषतः मेंदूच्या देठाकडून, त्यांना एरवी अखंड उत्तेजन मिळत असतं. तेच तुटल्यामुळे त्या गप्प होतात.

गप्प असल्या तरी रिकाम्या बसत नाहीत. वरून आलेल्या तंतूंची टोकं सुकून गेली, की त्या पेशींवरच्या चेतासंधींच्या, म्हणजे सायनॅप्सच्या, जागा मोकळ्या पडतात. आमच्याकडे मालक मुंबईला गेला की त्याच्या आगरात शेजाऱ्याचं कुंपण हळूहळू सरकतं, तसं इथे होतं. त्वचेकडून, स्नायूंकडून, मूत्राशयाकडून येणाऱ्या शेजारच्या तंतूंना धुमारे फुटतात आणि ते मोकळ्या जागा धरतात. त्याचबरोबर चेतापेशी स्वतःही बदलते. वरून येणारं सेरोटोनिन, म्हणजे पेशीला चेतवणारं रसायन, बंद झालं, तरी ते टिपणारे पेशीवरचे काही ग्राहक (रिसेप्टर) सेरोटोनिनशिवायच चालू राहायला लागतात. पेशीतला क्लोराइड बाहेर टाकणारा केसीसी-२ नावाचा पंप कमी होतो, त्यामुळे पेशीला आवर घालणारे संदेश दुबळे पडतात. वेग वाढलेला आणि ब्रेक सैल, अशी गत होते.

हे सगळं टप्प्याटप्प्याने घडतं. पहिल्या एकदोन दिवसांत शुकशुकाट, काही दिवसांत एखादी प्रतिक्षिप्त क्रिया परत, पुढच्या काही आठवड्यांत ती वाढलेली आणि मग वर्षभरापर्यंत नव्या जोडण्या पक्क्या होत जातात. सदाभाऊंच्या गुडघ्याने हातोडीला पहिला प्रतिसाद चौथ्या आठवड्यात दिला.

पाय हलला तो दिवस

सहावा आठवडा. बाहेर धो धो पाऊस. वहिनी पायांवर चादर घालत होत्या. चादरीची कड डाव्या तळव्याला घासली आणि पाय एकदम खुब्यात, गुडघ्यात, घोट्यात दुमडून पोटाकडे आला. वहिनी किंचाळल्याच. मी दुपारी पोचले तोवर आईने देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं आणि मुंबईच्या काकांना फोन झाला होता.

मी सदाभाऊंना डोळे मिटायला लावले. "डावा पाय जवळ घ्या." कपाळावर शीर फुगली, दंड ताठ झाले, पाय हलला नाही. मग न सांगता तळव्यावर बोट फिरवलं. पाय झटक्यात वर.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता. गप्प राहावं, की सांगावं? त्या घरात दीड महिन्यानंतर पहिल्यांदा कुणी हसलं होतं. मी सांगायचं ठरवलं, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं. नाहीतर पुढच्या प्रत्येक झटक्यावर त्यांनी पैसे आणि जीव लावला असता. म्हटलं, तळव्याची खबर मज्जारज्जूपर्यंत गेली आणि तिथूनच स्नायूला हुकूम सुटला, मेंदूला कुणी विचारलंच नाही. खालची यंत्रणा जिवंत आहे, ही चांगली खबर. पण हा तुमचा हुकूम नव्हे. सदाभाऊ थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पाय माझो, पण माझा आयकणा नाय."

त्या दिवसापासून रोज एक चाचणी ठेवली. हलवा म्हटल्यावर हलला पाहिजे, थांबा म्हटल्यावर थांबला पाहिजे, आणि असं लागोपाठ तीनदा. नवव्या आठवड्यात डाव्या पायाचा अंगठा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा हलला. थांबा म्हटलं, थांबला. पुन्हा. पुन्हा. तेव्हा मात्र मी स्वतःच आईला हाक मारली.

समोरचे पर्याय

काकांनी एका खासगी केंद्राची माहिती काढली होती. स्टेम सेल (मूलपेशी) सोडतात, काही लाखांचं पॅकेज. त्यासाठी कलमांचा एक तुकडा विकायचा. पुतण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: कण्यात विजेचे इलेक्ट्रोड बसवल्यावर परदेशातला एक तरुण उभा राहिलेला. शिवाय मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत काही आठवडे जाणं, किंवा घरीच व्यायाम, हे दोन मार्ग होते. आईचं म्हणणं, देवाने पाय दिलाय तर थोडं थांबून बघू.

स्टेम सेलबद्दल मी स्पष्ट बोलले. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर असे प्रयोग फक्त नोंदणी झालेल्या संशोधनात करता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. जिथे पॅकेज सांगतात तिथे यातलं काय पाळलं जातंय, हे विचारून या, एवढंच काकांना म्हटलं. त्यांनी विचारलं. नीट उत्तर मिळालं नाही. जमीन वाचली.

व्हिडिओबद्दल मात्र मला बराच वेळ द्यावासा वाटला, कारण ते काम खरं आहे. अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठातलं हे प्रकरण २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. २३ वर्षांचा तरुण, दुखापत मान आणि छातीच्या सांध्यावर, पायांत हालचाल शून्य, संवेदना थोडी. १६ इलेक्ट्रोडची पट्टी बसवल्यावर तो फक्त तोल सांभाळायला मदत घेऊन चार मिनिटांवर उभा राहिला. काही महिन्यांनी मनाने पायही हलवू लागला, पण वीज चालू असतानाच. पुतण्याला मी दुसरी बाजू सांगितली: ती पट्टी बसवण्याआधी त्या मुलाने २६ महिन्यांत चालण्याच्या सरावाची १७० सत्रं केली होती.

घरी की मुंबईला, यावर दोन दिवस गेले. पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर चालवण्याची सोय आपल्याकडे नाही, याचं सदाभाऊंना फार वाईट वाटत होतं. उत्तर अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून अपूर्ण दुखापतीच्या १४६ रुग्णांवर हाच प्रश्न तपासला होता. २००६ मध्ये निष्कर्ष आला, की ट्रेडमिल आणि जमिनीवरचा तितकाच सराव यांत चालण्याच्या दृष्टीने फरक पडला नाही. ठरलं असं: सहा आठवडे मुंबईत पुनर्वसनासाठी राहायचं, बसणं, खुर्चीत जाणं, लघवी-शौच आणि कातडीची काळजी शिकायची. पुढे घर.

काय केलं

मुंबईहून परत येईपर्यंत वाडीतल्या सुताराने उभं राहण्याची चौकट बनवून ठेवली होती. खळ्यात जांभ्याचे चिरे पुरून त्यांत जीआय पाइपचे दोन समांतर दांडे बसवले, उंची सदाभाऊंच्या कोपरावरून घेतली. रोज सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास. दोन तासांनी कूस बदलणं, खुर्चीत असताना हातांवर वजन घेऊन वेळोवेळी ढुंगण उचलणं, हे वहिनींनी घड्याळ लावून पाळलं. दीड वर्षात एकही बेडसोर झाला नाही. हे श्रेय माझं नाही.

एवढा सराव कशासाठी, हे मी त्यांना पायवाटांच्या भाषेत सांगे. साकव वाहून गेला की लोक बांधावरून, मेरेवरून फिरून पलीकडे जातात. मज्जारज्जूतही एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या छोट्या जोडण्या असतात. झुरिचच्या संशोधकांनी २००४ मध्ये उंदरांत दाखवलं, की मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या, पण वाटेत कापल्या गेलेल्या तंतूंना दुखापतीच्या वरच्या भागात धुमारे फुटतात आणि ते अशा आडवाटेच्या पेशींना जाऊन भिडतात. त्यातल्या दुखापत ओलांडून जाणाऱ्या लांब पेशींशी झालेल्या जोडण्या बारा आठवड्यांत टिकल्या, जवळच संपणाऱ्या पेशींशी झालेल्या गळून गेल्या. म्हणजे आधी चहूकडे वाटा फुटतात, मग उपयोगी पडेल ती राहते.

रात्रीचा फोन

गौरी-गणपतीचे दिवस. रात्री अकराला वहिनींचा फोन आला. सदाभाऊंचं डोकं फुटेल असं दुखतंय, चेहरा लाल, कपाळावर घाम, दंडांवर काटा. शेजारच्या नर्सताईंनी रक्तदाब मोजला तर १८०/११०. त्यांचा एरवीचा १००/७०. घरात कुणी नजर काढायला मीठ-मोहरी घेतली होती, कुणी आडवं झोपवा म्हणत होतं.

मी म्हटलं, आडवं नको, आधी बसवा, पाय खाली सोडा, कमरेचा पट्टा सैल करा, आणि लघवीची नळी कुठे दबलीय बघा. नळी मांडीखाली मुडपली होती. सरळ केली तशी पिशवी भरत गेली, सातशे मिलीच्या आसपास. दहा मिनिटांत डोकं उतरलं. रक्तदाब १३० वर आला. त्या रात्री मी वरचेवर फोन करत राहिले आणि सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डी-६ किंवा त्याच्या वरच्या दुखापतीत हे होऊ शकतं. तुंबलेल्या मूत्राशयाची खबर मज्जारज्जूत शिरते, तिथे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या पेशी वरच्या लगामाविना बसलेल्या असतात, आणि ती खबर आणणाऱ्या तंतूंनीही दुखापतीनंतर आपला पसारा वाढवलेला असतो. पायाला झटका देणारी वाढ तीच, फक्त इथे ती रक्तदाबाला झटका देते. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो.

हे मी पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. मुंबईत सांगितलं असेल, असं मी धरून चालले. वहिनींना ते त्या रात्री पहिल्यांदा कळलं. आता त्यांच्या फ्रिजवर कागद आहे: बसवा, सैल करा, नळी बघा, शौच बघा, कातडी बघा, उतरलं नाही तर लगेच दवाखाना. पुढे कायमची नळी काढून दिवसातून पाच वेळा स्वच्छ नळीने लघवी काढायला ते स्वतः शिकले.

गोळीचा निर्णय

पाचव्या महिन्यात झटके इतके वाढले, की रात्री झोप लागेना. डॉक्टरांनी बॅक्लोफेन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी, सुरू केलं, ५ मिलिग्रॅम तीनदा. महिनाभरात डोस वाढत २० मिलिग्रॅम तीनदावर गेला. झटके थांबले, घरात शांतता झाली. आणि खळ्यातल्या दांड्यांमध्ये सदाभाऊंचे गुडघे मेणासारखे वाकायला लागले. आदल्या महिन्यात वीस मिनिटं उभे राहणारे गृहस्थ दोन मिनिटांत खाली.

मला हे उमगायला आठवडा लागला. ते उभे राहत होते ते अर्धे स्वतःच्या ताकदीवर आणि अर्धे ताठरपणावर. ज्या नव्या जोडण्या रात्री त्यांना झोपू देत नव्हत्या, त्याच दिवसा गुडघे कुलूप लावल्यासारखे धरून ठेवत होत्या. धाकटा भाऊ म्हणाला, मग गोळी आजच बंद करतो. त्याला मी हात धरून थांबवलं. बॅक्लोफेन एकदम सोडलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात.

डॉक्टरांशी बोलताना आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती मला लागली. झटके वाढले त्या आठवड्यात लघवी गढूळ होती, वास येत होता. वहिनींनी मला सांगितलं होतं. मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. शरीराला खालून काही टोचत असलं, लघवी, मलावरोध, रुतलेलं नख, तर झटके वाढतात, कारण दुःख सांगायला त्या भागाकडे दुसरी भाषा उरलेली नसते. आम्ही त्यावर गोळी वाढवली. संसर्गावर उपचार झाले, मग तीन आठवड्यांत बॅक्लोफेन हळूहळू उतरवत दिवसा कमी, रात्री थोडं जास्त, असं बसवलं. रात्री एकदोन झटके राहिले. सदाभाऊंनीच ते मान्य केले: "रात्री थोडो तरास चलात, सकाळी उभो रवाक होयो."

निष्पत्ती

दीड वर्षाने डाव्या मांडीचा स्नायू पाचपैकी ३, उजव्याचा २. घोटे फारसे आले नाहीत, त्यांना स्प्लिंट लागतात. वर्गीकरण 'सी', म्हणजे हालचाल आहे, पण बहुतेक स्नायूंत ताकद कमी. वॉकर घेऊन, मागे कुणीतरी चालत असताना, खळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण तीस फूट. बाकी सगळीकडे व्हीलचेअर. बागेत जाता येत नाही, याचं दुःख आहे आणि ते बोलूनही दाखवतात.

आज परत करायचं झालं तर

पहिल्या तीन दिवसांत ती टाचणीची तपासणी झाली असती, तर कार्डावरचा 'कम्प्लीट' हा शब्द त्या घरावर पडला नसता. रक्तदाबाचा कागद मी पहिल्या भेटीतच चिकटवेन. झटके वाढले की गोळीआधी लघवी बघेन.

चौथी गोष्ट माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळते. आम्ही चार महिने फक्त उभं राहण्याचा सराव केला. पाऊल टाकणं नंतर, आधी उभं तर राहू दे, असा माझा हिशोब होता. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांवर काम झालं. ज्यांना उभं राहायला शिकवलं ती उभी राहायला शिकली, पण पावलं टाकायला नाही. ज्यांना ट्रेडमिलवर चालवलं ती चालायला शिकली. कमरेचा मज्जारज्जू ज्याचा सराव मिळेल तेच पक्कं करतो. हे मला ठाऊक होतं, पण मनुष्यबळ नव्हतं: पाऊल टाकून घ्यायला दोन्ही पायांना एकेक माणूस लागतो, आणि मागे तिसरा. भावाला आणि पुतण्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं असतं तर जमलं असतं. ते दोघं रोज संध्याकाळी खळ्यातच बसलेले असायचे.

गेल्या हंगामात मी गेले तेव्हा सदाभाऊ पडवीत व्हीलचेअरवर बसून आंब्यांची वर्गवारी करत होते. मांडीवर फळी, फळीवर फळं, शेजारी गवत भरलेल्या पेट्या. मध्येच उजवा पाय पायठ्यावर टक टक टक असा नाचायला लागला. त्यांनी वर न बघता डाव्या हाताने गुडघा दाबला, पाय थांबेपर्यंत धरून ठेवला, आणि उजव्या हातातलं फळ मोठ्यांच्या पेटीत ठेवलं.